स्वच्छ प्रत

सारायेव्होच्या सरकारी इमारतीत, तळमजल्यावर
मी माइक लावतो.
येदान, द्वा, त्री –
एवढंच माझं जाहीर भाषण,
तेही रिकाम्या खुर्च्यांपुढे.

जानेवारी. बाहेर धूर असा की
ट्रेबेविचचा डोंगर रातोरात कुणी उचलून नेलाय.
पत्रकार येतात, कोटांना कोळशाचा वास,
कॉफीच्या यंत्रापाशी हात शेकतात.
मग तिघं मंत्री ओळीने बसतात
आणि पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांसारख्या सरळ होतात.

धोरणवाले म्हणतात, टप्प्याटप्प्याने.
(सव्वीस वेळा. मी मोजतो, तेवढाच विरंगुळा.)
आरोग्याच्या यास्नाबाई म्हणतात,
खिडक्या उघडू नका, लहान मुलांना बाहेर नेऊ नका, आणि शक्यतो श्वास –
इथे त्या वाक्य वळवतात,
बर्फावर पाय सटकता सटकता सावरावा तसं.
संस्कृतीचे सांगतात, चौकातली गाण्यांची रात्र
यंदा सभागृहात, बंद दारांमागे होईल;
आपली परंपरा गुदमरणारी नाही.
आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या रांगेतून
खोकला.

त्या खोकल्यावर माझं घर चालतं.
संध्याकाळी ध्वनिमुद्रण पुढ्यात घेऊन
मी खोकले वेचतो,
आई घेवड्यातले खडे निवडायची
तसे, एकेक, प्रकाशाकडे धरून.
स्वच्छ प्रत वरच्या मजल्यावर जाते.
उरलेलं टाकायचं कुठे, हे कुणी सांगितलेलं नाही.
खोकल्याला केराची टोपली नसते.
म्हणून घरी एका कप्प्यात ठेवलेत, नावानिशी.

रेडिओवरची जेलिला : कोरडा, दोन ठोक्यांचा,
प्रश्नाआधी दार वाजवल्यासारखा.
वृत्तसंस्थेचा पोरगा ताहिर : मफलरमध्ये, लाजत.
सांजदैनिकाचे म्हातारे वेदाद :
रिकाम्या घरात कुणी कपाट सरकवतंय, असा.

वेदाद अकरा हिवाळे एकच प्रश्न विचारत आले.
मागच्या वेळी सांगितलंत, त्याचं काय झालं?
अकरा हिवाळे उत्तर आलं,
चांगला प्रश्न आहे.

या मंगळवारी त्यांची खुर्ची रिकामी.
कुणी बसलं नाही तिथे, कुणी बोललंही नाही;
ताहिरने तिच्यावर आपली टोपी ठेवली
आणि थोड्या वेळाने, का कुणास ठाऊक, उचलली.
यास्नाबाईंनी रुग्णालयांचे आकडे वाचले,
खाली बघत, पोस्टातली बाई पावती वाचते तसे.
मग म्हणाल्या, प्रश्न?

सात सेकंद.
माझ्या पडद्यावर हिरवी रेघ
आडवी पडून राहिली.

आणि मग त्याच खोकल्या. यास्नाबाई.
हात माइकवर गेला, पण अर्धा सेकंद उशिरा.
अर्धा सेकंद म्हणजे माझ्या धंद्यात
एक आख्खी खोली.

रात्री तो खोकला निवडून ठेवला,
बोट कळीवर. सवयीने.
कोरडा होता. दोन ठोक्यांचा.
चहा निवला. वरच्या मजल्यावरचे दिवे गेले.
मी बोट उचललं.

एकदा उचललेलं बोट मग आवरत नाही.
त्या सात सेकंदांच्या आत, अगदी तळाशी,
कप्प्यातून काढून मी एक कपाट सरकवलं.
हळूच. शेजारी जागे होऊ नयेत, इतकं.

सकाळी वरून साब्रियाचा फोन.
ती प्रवक्ती; तिचे कान तिखट.
म्हणाली, प्रत ऐकली. ठीक आहे.
फक्त शेवटाकडे एका ठिकाणी
कुणीतरी काहीतरी विचारल्यासारखं वाटतं –
उत्तर चुकून कापलं गेलं का तुमच्याकडून?

बघतो, म्हटलं.
आणि खाली आलो, आजच्यासाठी माइक लावायला.
येदान.
द्वा.